नवव्या पानावरची सुई

मी बोलतेय, दवाखान्यात फुकट वाटतात ती पुस्तिका. पानं चाळीस. बाईनं वय सांगू नये म्हणतात, पानं सांगायला हरकत नसावी. पोटात दोन पिना, अंगावर गुळगुळीत निळं कव्हर आणि नाव? 'अस्थिमज्जा निष्क्रियता : रुग्णमार्गदर्शिका'. एवढं भारदस्त नाव मिळालं म्हणून मी नागपूरच्या छापखान्यातूनच जरा नाक वर करून निघाले होते.

दवाखान्यातल्या बाईंनी मला देवीलालच्या हातात दिलं. त्याच्या लेकीच्या, साधनाच्या हाडांत रक्त बनायचं बंद झालं होतं. पोरगी वीस वर्षांची, दारव्ह्याच्या कॉलेजात बी.ए.ला. रिपोर्टांच्या पिशवीत बसून मी त्यांच्या बंजारा तांड्यावर आले.

साधनानं मला मोठ्यानं वाचायला घेतलं. तिची आई मैनाबाई भाकरी थापत ऐकत होती.

"अस्थिमज्जा," साधना म्हणाली.

"हाडाची मज्जा? इथं पोरगी पिवळी पडून राह्यली, अन् यायले मज्जा सुचते?"

"याडी, मज्जा म्हणजे बोकडाच्या नळीत असते ना, तो गर. तिथंच रक्त बनते. माह्या नळीतला कारखाना बंद पडला."

मैनाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मंग असं लिहाले काय झालतं तिले?"

'तिले' म्हणजे मला. चाळीस पानांत मला जमलं नाही ते चुलीपाशी एका दमात झालं. दुसऱ्या दिवसापासून घरात नळीचा रस्सा सुरू. तसं माझ्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं, पण शिजवलेला चांगला होता, मी काय बोलणार.

पुढची पानं मात्र साधनानं लग्नपत्रिकेतली नावं वाचतात तशी भराभर उरकली.

एका मंगळवारी दुपारी तिला ताप भरला. एकशे दोन. देवीलाल बाजाराला गेलेला. तांड्यावर तापाची रीत एकच, लालसिंगला बोलवायचं आणि कमरेत सुई घ्यायची. टोचल्याशिवाय इथं कुणाला बरं वाटतच नाही. लालसिंग शेजारचा, आधी एका डॉक्टरकडे कंपाउंडर होता. त्यानं सुई भरली, मग जरा थबकला.

"वयनी, इची बिमारी मोठी हाय. दवाखान्यानं काही लिहून देल्लं काय?"

मैनाबाईनं धावत मला आणलं. अक्षर ओळखत नाही ती, चित्र शोधलं. नवव्या पानावर सुई होती आणि सुईवर लाल फुली. पण तिनं मला धरलं तिरपं. फुलीचा झाला अधिक.

"हे पाय, सुईवर दवाखान्याचं लाल निशान. मार म्हणते ते."

मी आतल्या आत ओरडत होते. या आजारात रक्त लवकर गोठत नाही. मांसात सुई गेली तर आतल्या आत रक्त साचत जातं. आणि ताप आला तर घरी बसायचंच नसतं, तसंच दवाखान्याकडे निघायचं असतं. सगळं होतं हो माझ्यात. पण लिहिलं होतं कसं? 'स्नायूंतर्गत अंतःक्षेपण टाळावे.'

लालसिंगनं मला सरळ धरलं. "अंतः... क्षे... साधना, मराठी तुहा इषय ना वं? हे काय हाय?"

पोरीचे दात वाजत होते. "क्षेपण म्हणजे फेकणं. अंतः, आत. आत फेकणं..." तिनं डोळे उघडले. "सुई, काका. सुई नको म्हणते."

लालसिंगनं सुईला टोपण लावलं. दोनदा हुकलं, तिसऱ्यांदा बसलं. "वयनी, निशान नाही ते. फुली हाय."

मैनाबाईनं मला रिपोर्टांच्या पिशवीत कोंबलं. "मंग पाहून काय राह्यला? रस्त्यावरची जीप थांबव."

यवतमाळच्या दवाखान्यात शिरेतून औषधं दिली. आठव्या दिवशी ताप उतरला. साधना बरी झाली असं नाही. गोळ्या रोजच्या, रक्त चढवायचं दर पंधरा दिवसांनी. पण आहे.

खाटेवर बसून तिनं बॉलपेननं माझं एकेक पान गिरमिटून काढलं. नवव्या पानावर लिहिलं, 'कमरेत, दंडात सुई घ्यायची नाही. ताप आला का तसंच निघायचं.' माझ्या भारदस्त नावाखाली लिहिलं, 'नळीतल्या गराची गोष्ट.' पहिले दोन दिवस मी रुसले, खोटं कशाला बोलू.

गेल्या महिन्यात नागपूरच्या दवाखान्यात बाकावर शेजारी तुळसाबाई बसली होती, वणीची. तिच्या नवऱ्याला हाच आजार निघालेला, हातात कोरी करकरीत पुस्तिका, माझीच बहीण. साधनानं ती काढून घेतली आणि मला तिच्या मांडीवर ठेवलं.

"मावशी, छापलेलं राहू द्या. पेनानं लिहिलं ते वाचून घ्या कोणाकडून."

आता मी वणीला चाललेय. जाता जाता एकच मागणं. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी आली तर कपाटात जपून ठेवू नका. कळलं नाही तिथं काट मारा आणि तुमच्या बोलीत लिहा. कागदाला दुखत नाही.