आशाच्या हाताचा घड

रविराजने तो व्हिडिओ गंमत म्हणून टाकला होता. म्हणे गंमत! दिंडोरीकडे त्याची द्राक्षबाग, मोबाइलवर चॅनल, आणि चॅनल चालेना म्हणून याचा जीव खालीवर. पेठकडून आलेल्या मजुरांच्या टोळीतली आशा औषधाच्या मगात घड बुडवत होती. त्याने तिचा हात शूट केला आणि ॲपमध्ये घालून बोटांना द्राक्षं लावली. 'बाईच्या हाताला आला घड!' लोक नुसते तुटून पडले.

दुसऱ्या दिवशी आशाच्या बोटांवर हिरव्या पुळ्या उठल्या. औषधाने उठल्या असतील, असं तिला वाटलं. टोळीचं काम उक्तं, एकरावर ठरलेलं; एक माणूस बसलं की सगळ्यांचंच काम लांबतं. म्हणून ती बिचारी दिवसभर तोच हात मणी फुगवायच्या औषधात बुडवत राहिली. घडांसारख्या पुळ्याही फुगल्या. संध्याकाळी झोपडीत तिने नवऱ्याला हात दाखवला, तर सोमाच्या तोंडचं पाणीच पळालं. कातडीतून देठ निघाले होते. एक मणी त्याने ओढून पाहिला. ती किंचाळली, आणि मण्यातून रक्त आलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी काय केलं असेल? मोबाइल काढला! तो फोटो फिरला आणि घड मनगटावर चढला. तेव्हा कुठे सोमाच्या डोक्यात प्रकाश पडला. लोक जेवढं बघत होते, तेवढं ते वाढत होतं.

त्याने रविराजचे पाय धरले. "दादा, तेवढा व्हिडिओ काढा. कोपरापातूर आलंय वो."

रविराजने काढला, पण तोवर तो गावोगावच्या ग्रुपवर गेला होता. वणीला देवीच्या दर्शनाला निघालेले लोक गाड्या थांबवून झोपडीत शिरू लागले. हातावर हळदकुंकू वाहायचे आणि लगेच सेल्फी. बाई, दुखतं का, असं एकानेही विचारलं नाही.

दुखत होतं. लय दुखत होतं. तान्ही लेक मोहिनी दुधासाठी रडायची आणि वेलीचा शेंडा आशाच्या खांद्यावरून छातीकडे सरकत होता. तिने पोर सोमाकडे दिली, ती पुन्हा जवळ घ्यायची तिची छातीच झाली नाही.

रविराजने दुसरा व्हिडिओ केला. त्यात ॲपने हात स्वच्छ करून दाखवला आणि आधीचं खोटं होतं, असं सांगितलं. पण खरं बघायला वेळ कुणाला? चार टाळक्यांनी पाहिला असेल. तेवढ्यावर करंगळीचा एक मणी गळाला. आशा त्या मण्याकडे बघत बसली.

"चांगला हात कोन बघंल, दादा? समदे बघतील असं काय हाय?"

रविराजला ठाऊक होतं आणि तिलाही.

"तोडलेला दाखवा," ती म्हणाली. "खांद्यापासून."

"येडी झालीस का!" सोमा ओरडला. "उजवा हात हाय तो! काम कशानं करशील? पोरीला कशानं घेशील?"

"डाव्यानं घेईन. पन घेईन तरी. आज तिला जवळ घ्यायची बी चोरी झालीय मला."

रविराजने ॲप उघडलं. मेल्याला मथळा मात्र झटकन सुचला. व्हिडिओ टाकला आणि बघता बघता हजारो लोकांनी पाहिला. आशाने पदराचा बोळा दातांत धरला. खांद्यात कळ उठली, मग दुसरी, मग तिचा सगळा देह पिळवटला. हात घडासकट, छातीकडच्या शेंड्यासकट जमिनीवर पडला. खांद्याची जखम आपोआप मिटत गेली, व्हिडिओत दाखवली होती अगदी तशी.

शुद्धीवर आल्याबरोबर तिने मोहिनीला मागून घेतलं. पोरगी हपापल्यासारखी पिऊ लागली. आशा रडत होती, हसतही होती.

झोपडीच्या तोंडाशी गर्दी झाली ती तेव्हाच. कुणी आत वाकलं, कुणी मोबाइल वर धरला. "बाळाचं तोंड दिसू द्या!" मागून कुणीतरी ओरडलं.

"नाय! माज्या पोरीला नाय!" आशा किंचाळली. मोहिनीचं तोंड पदराने झाकायला गेली, तर उरलेला एकच हात पोरीच्या खाली अडकलेला होता.