ओढू नको, विठाबाई!

मी धागा बोलतोय. व्हय, साधा निळा सुती धागा, दोन वीत लांब. जरा घाईत बोलतोय, कारण माझं एक टोक आत्ता विठाबाईच्या चिमटीत आहे.

जन्म इचलकरंजीचा. माग चालू असताना ताण्यातून तुटलो आणि खाली पडलो. तिथं एझ्रा झिराडकर जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. त्यांनी मला उचलून खिशात टाकलं.

"आण्णा, कचरा घरी न्हेता व्हय?" कामगार हसायचे.

"न्हेतो की. माझ्या ग्रंथाला लागतो."

आण्णा यहुदी. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण तोरा, म्हणजे त्यांची पोथी, वाचायची ती हिब्रूतच. उजवीकडून उघडणारा वडिलांचा ग्रंथ त्यांच्याकडं होता. एखाद्या शब्दाचा अर्थ लागेना झाला, की तोच शब्द ग्रंथात आणखी कुठं आलाय ते ते शोधायचे. तिथला मजकूर नीट वाचायचे. अर्थ उमगला की दोन्ही पानांत मिळून एक धागा घालायचे.

माझा शब्द पहिल्याच पानावरचा. जग अजून झालेलं नाही. सगळा अंधार, सगळं पाणी, आणि त्या पाण्यावर देवाचा आत्मा... काय करतोय? तरंगतोय? घोंगावतोय? आण्णांना दोन वर्षं काही पटेना. मग पार शेवटाकडं, मोशेच्या गाण्यात तो शब्द सापडला. तिथं गरुड आपल्या पिलांवर पंख पसरून तेच करतो. आण्णा घरात एकटेच ओरडले, "पाखर घालतोय! अरं, पाखर घालतोय की!" डोळे पुसले आणि मला त्या दोन पानांत घातलं.

अशी चाळीस वर्षं गेली. धागे दीडशेच्या वर झाले. साखरेनं नजर अधू व्हायला लागली, तेव्हा आण्णांनी प्रत्येक धाग्याला वेगळ्या गाठी मारल्या. मला तीन, दोन्ही टोकांना. मग निवृत्त होऊन कोल्हापुरात आले आणि दिसायचं पुरतं बंद झालं. तरी बोटांनी गाठी चाचपून शेजारच्या शिवगंगाबाईंना एकेका शब्दाचा अर्थ सांगायचे. त्या जुन्या शिक्षिका, हिब्रू येत नाही, पण आण्णा सांगतील ते वहीत मराठीत लिहायच्या. माझा शब्द आण्णांनी शेवटी सांगायला राखून ठेवला होता. वहीचं पहिलं पान त्यासाठी कोरं सोडलंय.

गेल्या महिन्यात पेसाखचा सण आला. त्याआधी घरात पावाचा कणसुद्धा ठेवायचा नसतो. आण्णाच म्हणाले, "पुस्तकंबी झाड गं." विठाबाई कामाला नवी. तिनं ग्रंथ झाडला, धागे दिसले, एकेक उपसून केरात टाकला. चांगल्या मनानं केलं हो तिनं!

"किती सूत निघालं बघा, आण्णा."

आण्णा पानांवरून हात फिरवत राहिले. पुन्हा, पुन्हा. मग म्हणाले, "शिवगंगाबाई, वही मिटा."

"मोबाईलवर शोधूया की," बाई म्हणाल्या.

"शब्द कुठं कुठं हाय ते मोबाईल सांगंल. मी कुठला कुठं लावला, ते कोण सांगणार? आता मलाच आठवंना झालंय."

मी तेवढा ग्रंथाच्या बांधणीच्या आत अडकलो, म्हणून वाचलो. महिनाभर बोंबलतोय. धाग्याचं कोण ऐकतंय?

जीर्ण झालेला ग्रंथ यहुदी माणूस रद्दीत घालत नाही, कबरस्तानात पुरतो. आण्णांनी आता आपलाही पुरायला काढलाय; उद्या त्यांचा भाचा येऊन तो घेऊन जाणार. अहो, ग्रंथ धडधाकट आहे! खचलेत ते आण्णा. आत्ता विठाबाई तो पांढऱ्या कापडात गुंडाळत होती, तेवढ्यात माझं टोक बाहेर आलं.

"आगं बया, एक ऱ्हायलाच की!"

ओढू नको, विठाबाई. तुझ्या पाया पडतो. आण्णा चार पावलांवर खुर्चीत बसलेत. ग्रंथ त्यांच्या मांडीवर ठेव. त्यांचं बोट माझ्या गाठींवर टेकव. बाकीचं न्हाय आठवलं तर न्हाय, ते एक कोरं पान तरी भरू दे.

आण्णा, हात पुढं करा की!

गाठ बांधणीला अडकलीय. आता हिसका देऊ नको, बाई. त्यांना हाक मार.