गोदावरीबाईंनी मला झाकलं होतं

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, पण केस विंचरण्याचा नाही. दीड मीटर रुंद, परातीसारखा खोलगट. फौजेच्या शोधदिव्यासाठी मला घडवलं होतं. दिवा मोडीत निघाला आणि १९७८ साली एका संशोधन संस्थेनं मला अड्याळजवळच्या टेकडीवर आणलं.

आकाशातून येणारे अतिशय शक्तिमान गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत. ते वरच्या हवेवर आदळले की कणांचा सडा उडतो आणि पापणी लवण्याच्या कितीतरी आत फिकट निळा उजेड पडून विझतो. अमावास्येच्या काळोखात तो गोळा करून समोरच्या नाजूक प्रकाशनळीवर टाकायचा, हे माझं काम. नळी त्या चमका मोजायची.

दिवसा मात्र मला झाकावंच लागे, नाहीतर उन्हानं नळी जळणार. चौकीदार गोदावरीबाई रोज सूर्य उगवण्याआधी मला उन्हाकडे पाठ करून उत्तरेकडे वळवत, स्वतः शिवलेली काळी गोदडी घालत आणि चारही गाठी ओढून पाहत. सात वर्षांत एकदाही चूक नाही.

१९८५च्या पौषात एक मोठे साहेब पाहणीला आले. त्यांना माझ्यात चेहरा पाहायचा होता. तरुण संशोधक केशवरावांनी गाठी सोडून मला दक्षिणेकडे तिरपं फिरवलं. साहेबांना स्वतःचं रूप उलटं दिसलं, डोकं खाली, बूट वर. ते हसले नाहीत. तेवढ्यात जेवणाचा निरोप आला आणि दोघं मला उघडंच टाकून उतरले. खाली रांधत होत्या गोदावरीबाईच. ऊन वर चढलं आणि नळी माझ्याच उजेडानं जळाली.

अहवालात लिहिलं, चौकीदाराचा हलगर्जीपणा. अंगठा द्या, समज देऊन सोडू, नाहीतर काम सोडा, असं साहेबांनी सांगितलं.

"मी तं झाकला होता जी. उघडला कोनं, थे लिवा," गोदावरीबाई म्हणाल्या. मग केशवरावांकडे वळल्या. "बाबू, तुमीच गाठी सोडल्या ना? सांगा ना यायले."

केशवरावांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"मंग मी अंगठा नाई देत."

काम सुटलं. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे त्या टेकडी चढून आल्या, मला उत्तरेकडे वळवलं आणि चार गाठी मारून गेल्या. पुढे कोणीतरी त्या गाठी सोडल्या, पण पुन्हा मला कोणी झाकलं नाही. धूळ आणि दव माझी चकाकी खात राहिले.

आता मी संस्थेच्या कोठीत भिंतीला टेकून आहे. पलीकडच्या खोलीत केशवराव येणाऱ्या काळातल्या वेधशाळांवर बोलतात. शंभर आरसे एकाच वेळी आकाश पाहतील म्हणे. ते शंभर आरसे झाकणार कोण, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

मित्रांनो, उद्या तशी वेधशाळा तुम्ही उभारलीत, तर आरशांची निगा राखाच. आणि कधी नळी जळाली, तर अहवाल लिहिण्याआधी गाठी कोणी सोडल्या ते विचारा. ज्याला ठाऊक असेल, त्यानं चष्मा पुसत बसू नये.