तीन वाजताचा वास

मला वास येत नाही, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यावर चौतीस वर्षे मी एका कारखान्याच्या रंगविभागात काढली. त्या काळात माझे नाक माझ्या आधी केव्हा निवृत्त झाले, ते मलाही समजले नाही. त्यामुळे एका सोमवारी दुपारी ही धुण्याच्या खोलीतून हाक मारू लागली, "अहो, इथे पेट्रोलचा वास येतोय!" तेव्हा मी गेलो, खोलीच्या मध्यभागी उभा राहिलो आणि प्रामाणिकपणे म्हणालो, "मला काही कळणार नाही."

"तुम्हाला कळणार नाही, हे मला कळतं हो. पण येतोय."

आमची धुण्याची खोली घराच्या मागच्या बाजूला, तीन पायऱ्या खाली आहे. तिथे कपडे धुण्याचे यंत्र, जमिनीवर ठेवलेला पाणी तापवण्याचा गॅसचा बंब आणि हिचे बुटके स्टूल एवढाच संसार. बंबाच्या तळाशी एक बारीक ज्योत चोवीस तास तेवत असते. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला अडगळीची खोली. वीज वारंवार जाऊ लागल्यावर मुलाने जनरेटर आणला होता. तो चालवायचा अंगणात, पण त्यासाठी भरून आणलेला वीस लिटरचा पेट्रोलचा कॅन मात्र या अडगळीत ठेवलेला असे.

संध्याकाळी साडेसातला मुलगा कामावरून आला. त्याने कॅन हलवून पाहिला, टोपण पिळून पाहिले, नाक लावले.

"आई, टोपण घट्ट आहे. वासाचा मागमूस नाही."

मंगळवारी पुन्हा तेच. गुरुवारीही तेच. दर संध्याकाळी मुलगा तपासायला जाई, आणि दर संध्याकाळी त्याची चाल थोडी अधिक संथ होई.

याला एक मागील संदर्भ होता. दोन महिन्यांपूर्वी हिला जबर ताप आला होता. त्या तापात दोन दिवस ती मुलाला स्वतःच्या भावाच्या नावाने हाका मारत होती. ताप उतरला, हिचे डोकेही ताळ्यावर आले. पण घरातल्या माणसांनी तेव्हापासून हिचे प्रत्येक वाक्य तोलून पाहण्याची सवय लावून घेतली, ती काही उतरली नाही.

शुक्रवारी सून पर्सची चेन उघडत-मिटत म्हणाली, "आई, सोमवारपासून भिंगरीला दुपारचं पाळणाघरात ठेवते. तुम्हालाही जरा आराम."

भिंगरी म्हणजे आमची चार वर्षांची नात. बालवाडी सुटली की बारा ते पाच ती आजीकडे असायची. धुण्याच्या खोलीत आजी कपड्यांच्या घड्या घाली आणि नात फरशीवर बसून कपड्यांच्या चिमट्यांची घरे बांधी. त्या पाच तासांवर आजीचा उरलेला दिवस उभा होता.

"बरं," ही म्हणाली. सून बाहेर पडल्यावर तिने माझ्याकडे वळून विचारले, "तुम्हालाही वाटतं का, माझं डोकं फिरलंय म्हणून?"

"मला वास येत नाही गं."

"मी वासाचं नाही विचारलं."

ज्या गोष्टीचे उत्तर नसते, तिची नोंद ठेवावी, एवढे एकच शिस्तीचे काम मला आयुष्यभर जमले आहे. मी एक वही काढली. रकाने आखले: वेळ, जागा, उभी की बसलेली, खिडकी, आकाश.

"आता माझ्यावर प्रयोग सुरू का?" हिने विचारले.

"तुझ्यावर नाही. वासावर."

"मग त्याला विचारा, तो नक्की कुठे बसतो ते."

ती बोलली थट्टेने, पण प्रश्न अगदी योग्य होता. पुढच्या आठवड्याच्या शनिवारपर्यंत वहीत सहा नोंदी झाल्या. सहाही नोंदी दुपारी अडीच ते साडेचारमधल्या. सहाही वेळा ही बुटक्या स्टुलावर बसलेली होती. "कपडे वाळत घालायला उठले की जातो मेला," असे तिने दोनदा सांगितले, आणि मी ते शब्दशः उतरवून घेतले. बुधवारी आणि शुक्रवारी वास आलाच नव्हता. त्या दोन्ही दिवसांच्या आकाशाच्या रकान्यात मी 'पूर्ण ढगाळ' असे लिहिले होते.

मी पेन खाली ठेवले. माणसाच्या मनाचे भ्रम ढग बघून सुट्टी घेत नाहीत.

रविवारी ऊन लख्ख पडले होते. तीनच्या सुमारास मी अडगळीच्या खोलीत गेलो. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा चौकोन बरोबर कॅनवर पडला होता. सकाळी मी पाहिले तेव्हा कॅनच्या बाजू सपाट होत्या, आता त्या टम्म फुगल्या होत्या. हात लावला तर चांगलाच कोमट. दाराखाली दोन बोटांची फट. फटीपुढे पायऱ्या. पायऱ्यांखाली स्टूल, आणि स्टुलापासून चार पावलांवर बंबाची ज्योत.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, हे मी दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत दोन गुणांसाठी लिहिले होते. गुण मिळाले, आणि वाक्य तिथेच, उत्तरपत्रिकेत राहिले. जड वाफ धुरासारखी वर चढत नाही. ती पाण्यासारखी उतार शोधते आणि खोलगट जागी साचते.

मी आधी अंगणात जाऊन गॅसचा मुख्य कॉक बंद केला. घरात येऊन कुणीही विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, असे बजावले. मग मुलाला बोलावले.

"बाबा, मी रोज बघतोच ना!"

"रोज साडेसातला बघतोस. थंडावल्यावर, आणि उभा राहून. आज तीनला बस. दोन श्वास, जास्त नको."

पावणेसहा फुटांचा गडी त्या स्टुलावर बसला, तेव्हा त्याचे गुडघे कानांशी आले. दारात उभी असलेली सून हसली. "काय हो, तोंडी परीक्षा आहे का?"

त्याने एक श्वास घेतला. मग वाकून फरशीजवळ दुसरा घेतला. त्याचा चेहरा उतरला.

"आई," तो म्हणाला आणि त्याने मान वळवून बंबाकडे पाहिले. "बाबा, बंब!"

"विझवलाय. वर ये. दारं-खिडक्या उघड."

सुनेचे हसू मावळले होते. ती फरशीकडे पाहत होती, जिथे अजून तीन-चार चिमटे पडलेले होते. भिंगरी तर स्टुलापेक्षाही खाली बसत असे.

नाकाला जाणवेल एवढी वाफ आणि पेट घेईल एवढी वाफ यांत पुष्कळ अंतर असते. त्या अंतराच्या आत आम्ही दोन आठवडे सुखाने चहा पीत होतो.

कॅन आम्ही अंगणात, घरापासून दूर सावलीत ठेवला आणि निवू दिला. संध्याकाळी मुलाने टोपण हळूहळू सैल केले, तरी फुस्स झालेच. टोपणातली रबरी चकती फुगून तिला लाटा आल्या होत्या. कॅन मुळात पिण्याच्या पाण्याचा होता. पाण्यासाठी केलेले रबर पेट्रोलशी कसे वागायचे ते जाणत नाही. शिवाय तो गळ्यापर्यंत भरलेला. उन्हाने पेट्रोल फुगले, दाब वाढला, आणि चकतीच्या लाटांमधून वाफ वाट काढू लागली. संध्याकाळी सारे आकसले, की टोपण पुन्हा साळसूद.

"मजबूत दिसला म्हणून घेतला होता," मुलगा म्हणाला.

"बादलीही मजबूत असते," ही म्हणाली.

ते पेट्रोल ओळखीच्या गॅरेजवाल्याने नेले. दुसऱ्या दिवशी मी, ही आणि मुलगा असे तिघे हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने वीस लिटरचा चकचकीत लाल कॅन पुढे केला. "हाच घ्या काका, पुन्हा पुन्हा भरायला नको."

"घरात जितकं जास्त, तितकी काळजी जास्त. पाच लिटरचा दाखवा."

मी कॅन उलटा करून पाहिला. पेट्रोलसाठी बनवल्याची खूण अंगावर ठसवलेली होती. तोंडाला आपोआप मिटणारी नळी होती, आणि पातळीची रेघ गळ्याच्या बरीच खाली होती, म्हणजे फुगायला जागा ठेवलेली.

"पंपावर भरताना गाडीतून खाली उतरवायचा," मी मुलाला सांगितले. "जमिनीवर ठेवून भरायचा. गाडीतल्या गालिच्यावर ठेवला तर स्थिर वीज साचते, आणि एक ठिणगी पुरते."

"आणि जनरेटर गरम असताना त्यात ओतायचं नाही," मुलगा म्हणाला. "तेवढं मला माहीत आहे."

"तेवढंच माहीत होतं," ही म्हणाली. मग तिने कॅन माझ्या हातातून घेतला, टोपण लावले, काढले, पुन्हा लावले. तिच्या बोटांचे सांधे हल्ली धरतात. तिसऱ्या खेपेला 'टक्' असा आवाज झाला. "हा चालेल. टोपण मला लावता येतं, आणि दाबून फिरवल्याशिवाय निघत नाही. भिंगरीला नाही जमायचं."

दुकानदार मला म्हणाला, "काकूंनी बरोबर पारखलं."

"आई पारखतेच," मुलगा म्हणाला. माझ्या आधी.

नवा कॅन अंगणाच्या कोपऱ्यातल्या जाळीदार खोपटात, सावलीत, जमिनीवर ठेवला. त्या रात्री जेवताना सून म्हणाली, "आई, भिंगरीला उद्यापासून घरीच ठेवते. माझं चुकलं."

ही पाणी प्यायली. मग म्हणाली, "कारण चुकलं. केलंस ते बरोबरच केलंस, नाहीतर पोर रोज तिथे फरशीवर बसली असती. पण उद्या नको. तीन लख्ख दुपारी मला त्या स्टुलावर बसू दे. मी सांगेन तेव्हा."

मंगळवारी ऊन होते. बुधवारी ढग आले, तो दिवस तिने धरलाच नाही. गुरुवारी, शुक्रवारी ऊन. मी वही घेऊन पायरीवर उभा होतो, पण तिने एकदाही माझ्याकडे पाहिले नाही. शुक्रवारी साडेचारला ती उठली आणि सुनेच्या ऑफिसात फोन लावला.

"काही नाहीये आता. सोमवारपासून ठेव."

खात्री करून घ्यायला सुनेने मला फोन केला नाही, मुलानेही केला नाही. सोमवारी बाराला तिने भिंगरीला दारात सोडले आणि चपलाही न काढता तशीच कामावर परत गेली.