दुखण्याआधीची गोळी

विषय : शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या, परंतु पोटात न पोहोचलेल्या वेदनाशामक गोळीबाबत.

उपरोक्त विषयातील गोळी ती मीच. मीच बोलतेय.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मला भलताच तोरा होता. आम्ही म्हणे दुखणं सुरू होण्याआधीच त्याचा रस्ता अडवणार! प्रत्यक्षात माझी नेमणूक झाली एका शिंप्याच्या गालात.

त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती; डाव्याची नंतर व्हायची होती. नर्सने मला हातावर ठेवलं, घोटभर पाणी दिलं. शिंप्यांनी पाणी गिळलं, मला गालात दडवलं आणि तिची पाठ वळताच चष्म्याच्या घरात टाकलं.

"अजून दुखतच नाही, तर गोळी कशाला वाया घालवायची?" ते पुटपुटले. गालात भिजून माझा गुलाबी रंग गेला होता. आता कामही गेलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. मग कमरेखालची बधिरता ओसरली आणि शिंपी कळवळले. व्यायाम करून घेणारी बाई गुडघा वाकवायला आली, तर ते तिला हातच लावू देईनात.

"चष्म्याचं घर दे गं," ते बायकोला म्हणाले.

तिने उघडलं. "अगं बाई! ही इथे कशी?"

"राखून ठेवली होती."

"कापडावर खूण आधी करता की कापून झाल्यावर?"

शिंप्यांनी मान फिरवली. माझी बाजू मांडायला मी होते कुठे? चष्मा पुसायच्या फडक्याला चिकटलेली!

बायकोने नर्सला खरं सांगितलं. नर्सने डॉक्टरांना विचारून सुई टोचली. दुखणं हटलं नाही, नुसतं बाजूला सरकून बसलं. गुडघा जेमतेम वाकला.

"डावा राहू दे," शिंपी म्हणाले. "एवढं पुन्हा सोसवणार नाही."

"मग मशीनवर बसणार कसे? एका पायाने?"

"बघू."

मला नर्सने कचऱ्यात टाकलं. भिजलेली गोळी कोण घेणार? तक्रार नाही. पण जाता जाता एक विनंती केली आहे : डाव्या गुडघ्याच्या वेळी माझ्या बहिणीला वेळेवर गिळावं.

शिंप्यांनी डाव्या गुडघ्याला अजून होकार दिलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.