आत्या गप्प बसली

सभा सुरू होऊन अर्धा तास झाला तरी आत्या गप्पच होती, आणि इकडे माझा जीव वरखाली होत होता.

आमच्या बँकेच्या ठेवीदारांच्या सभेत ती नऊ वर्षं पहिल्या रांगेत बसत आली. अहवालावर पेन्सिलीने खुणा करून यायची. घर विकून आलेला सगळा पैसा तिने इथेच ठेवला होता, ठेवींवरच्या सरकारी विम्याच्या मर्यादेच्या चौपट. बँक बुडाली तर तीन हिस्से गेलेच. म्हणून ती विचारायची आणि अध्यक्षांना घाम फुटायचा. तिच्यापायी दोन भलती कर्जं थांबली होती.

मी त्याच बँकेत, कर्ज विभागात. यंदा अध्यक्षांच्या मेव्हण्याच्या बंद कारखान्याला तिसरं कर्ज द्यायचं घाटत होतं. "उद्या सही करा," एवढंच ते मला म्हणाले. नाही केली तर नोकरी जाणार, केली तर पुढे मीच अडकणार. माझी सगळी भिस्त आत्यावर.

पण नको तो शहाणपणा मीच केला होता. सहा महिन्यांपूर्वी तिला म्हणालो, "आत्या, चार बँकांत वाटून ठेव, मर्यादेच्या आत. निवांत झोप."

तिने ऐकलं. आता ती अहवालाने वारा घेत होती.

मागून वाकून मी कुजबुजलो, "पान अकरा बघ ना!"

"कशाला? माझे पैसे विम्यात आहेत, तूच म्हणालास. शिवाय व्याज इथेच जास्त देतात."

कप गोळा करणारी मावशी खूश होऊन म्हणाली, "आत्याबाई बोलल्या नाहीत, म्हणजे बँक ठणठणीत! जमिनीचे आलेले सगळे पैसे उद्या इथेच टाकते." ते मर्यादेच्या दुप्पट होते, मला ठाऊक होतं.

"काही प्रश्न? नाहीत ना?" अध्यक्ष उठायला लागले.

मी उभा राहिलो. "पान अकरा. त्या कारखान्याची आधीची दोन कर्जं का फिटली नाहीत?"

अध्यक्ष माझ्याकडे टक लावून बघत राहिले.

आत्याने माझा सदरा धरून खाली ओढला.

"बस खाली, गाढवा. नोकरीला विमा नसतो," ती पुटपुटली, आणि चष्मा लावत स्वतः उठली.