भट्टी वाढव

विझवणं, फोडणं, बंद करणं हे शब्द आमच्या सासरी तोंडातून काढायचे नाहीत. नारळ वाढवायचा, बांगडी वाढवायची, रात्री दुकानसुद्धा वाढवायचं. मी कल्याणची. लग्न होऊन वळ गावी आले आणि पहिल्याच आठवड्यात "देवाजवळचा दिवा विझला" असं बोलून बसले. आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मला आपलं वाटायचं, शब्द बदलला म्हणून वात काय पुन्हा पेटते? पण नव्या सुनेचं ऐकतो कोण!

माझे सासरे तुळशीराम. साऱ्या पट्ट्यात तुळशीशेठ. खाडीकाठच्या मिठागरात बापाच्या हाताखाली मीठ ओढत वाढले, मग धामणकर नाक्यावर मोडीत निघालेले कापडाचे लूम भंगारात घ्यायला लागले. भंगारातून ओळखी झाल्या, ओळखींतून भट्टी उभी राहिली. जुन्या जहाजांच्या पोलादी पट्ट्या तापवायच्या आणि रोलमधून ओढून त्यांच्या सळया काढायच्या. कारखान्याला नाव दिलं आपल्या आईचं, राहीबाई स्टील. पुढे वळच्या भातशेतांवर गोदामं उठली, तेव्हा पायापासून छपरापर्यंत बाबांचंच लोखंड लागलं. शेठपणा मात्र अंगाला चिकटला नाही. दुपारी आवारात खुर्ची टाकून बसायचे आणि बसल्या बसल्या स्वप्नात जायचे.

स्वप्नात जायला त्यांना डोळे मिटावे लागत नसत. डोळे भट्टीनेच घेतले होते. तापल्या लोखंडाचा नारिंगी रंग पिवळ्यावर कधी जातो, ते ओळखण्यात सगळी कला. काळ्या चष्म्यातून तो रंग कळत नाही म्हणून बाबा चष्मा कपाळावर सारायचे आणि उघड्या डोळ्यांनी आगीत बघायचे. उभी हयात बघितलं. मोतीबिंदू काढून झाले, तरी डॉक्टर म्हणाले, मागचा पडदाच भाजलाय. आता त्यांना जग धुक्यातून दिसे. गोदामांची पांढरी छपरं बघून म्हणायचे, "यंदा मीठ लय पिकलाय, करिष्मा." मी आधी दुरुस्त करायचे. नंतर मलाही त्या उन्हात मिठाच्या राशीच दिसू लागल्या. खोटं कशाला सांगू, मला ते जग जास्त आवडायचं.

पण मुलगा तसाच चष्मा कपाळावर सारून उभा राहतो, हे कळल्यापासून बाबांना अन्न गोड लागेना. मुलगा म्हणजे देवेश, माझा नवरा. तो आमच्या लेकीची वही हात लांब करून वाचायला लागला होता. तिशी नुकती ओलांडली होती! मी बोलून दमले. बाप तसा बेटा, लोखंडापुढे बायकोचं काय चालणार?

दोन हजार सातच्या दिवाळीआधी भट्टीच्या आतल्या विटा बदलायच्या म्हणून कारखाना थंड होता. बाबांनी देवेशला खुर्चीजवळ बोलावलं. मी चहा घेऊन तिथेच उभी होते.

"देवेश, लय झाला. भट्टी वाढव आता."

देवेशने क्षणभर बापाकडे बघितलं आणि वाकून पाया पडला. दुसऱ्या दिवशी विटांचे ट्रक आले. चिंधू गवंडी आला. जुनीच्या शेजारी नवी, दुप्पट मोठी भट्टी उठायला लागली. शेठनी वाढवायला सांगितलं, गावभर झालं. मीही लोकांना पेढे दिले आणि मनातून बाबांवर चिडले. स्वतःचे डोळे गेले, आता मुलाचे घालवा!

बाबा मात्र त्या दिवसांत कधी नव्हे इतके शांत होते. खुर्चीत बसून विटांचे आवाज ऐकायचे. एकदा चिंधूला म्हणाले, "कवर आली रं भट्टी?"

"कमरेवर आली, शेठ."

"सांबालून कर. विटा इकरं तिकरं टाकू नको. तिनं लय खायला घातलाय आमाला."

चिंधूला वाटलं, शेठ भावुक झाले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाबांच्या लेखी ती भिंत खाली येत होती. धुक्यापलीकडे एक एक वीट उतरत होती आणि ते बसल्या जागी तिला निरोप देत होते. एके दुपारी मला म्हणाले, "भट्टीच्या जागेव भाजी लाव. माती गरम हाय, वांगी बेस येतील." म्हातारपणाची बडबड म्हणून मी हो हो केलं.

नव्या भट्टीच्या पूजेच्या दिवशी बाबांनी धुवट धोतर नेसलं. नारळ हातात घेऊन देवेशच्या खांद्याच्या आधाराने आले. आक्का, मी, लेक, पाच-सात कामगार, एवढेच होतो. बाबांनी नारळ वाढवला, पाणी जमिनीवर शिंपडलं आणि हात जोडून पुटपुटले, "माये, तुजं उपकार."

तेवढ्यात कामगारांनी बर्नर पेटवला. आवाजाचा घुमका उठला आणि आगीची झळ बाबांच्या तोंडावर आली. ते मागे सरले नाहीत. आंधळा माणूस ओळखीच्या माणसाचा चेहरा चाचपतो तसा त्यांनी हात पुढे केला.

"ही कंची भट्टी?"

देवेश म्हणाला, "आपलीच, बाबा. नवी. तुम्हीच तर म्हणालात, वाढव."

"मी दुकान वाढवतात तसा बोललो रं."

आक्कांनी डोक्यावरचा पदर तोंडावर घेतला. मला वाटलं, आता देवेश कोसळणार. पण तो खाली बघत राहिला, आणि मला सगळं उमगलं. हा मुलगा याच घरात वाढला होता. कुठला शब्द कधी कसा घ्यायचा, हे त्याला शिकवायला नको होतं.

"मना कलला होता, बाबा," तो म्हणाला. "पन वाढव बोललात ना, तवरा मना पुरे झाला. ही भट्टी गेली तर मी कोन? तुलशीशेटचा पोरगा, बस?" त्याने बर्नरकडे बोट दाखवलं. "तुमाला खरंच नको आसल तर तोंडानं सांगा. विजव म्हना. आता विजवतो."

आक्का पुढे झाल्या. "सनासुदीचा काय बोलतंस रं!"

बाबांचे ओठ हलले, आवाज आला नाही. आयुष्यभर जे तोंडातून काढलं नाही, ते याच आगीपुढे कसं काढावं? घाम निथळत होता. मी मनात देवाचा धावा करत होते, एकदा म्हणा, बाबा, एकदाच म्हणा.

"विजव."

देवेशचा हात व्हॉल्व्हवर गेला आणि तिथेच थांबला. "का पन, बाबा?"

"तुजा तोंड मना कवाचा दिसत न्हाय, देवेश. आवाजावरना वलखतो." बाबांनी चाचपत आमच्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "हिचा तोंड तुला दिसला पायजे."

देवेशने लेकीकडे बघितलं. मग त्याने व्हॉल्व्ह फिरवला. घुमका बसत बसत गेला. मी रडत होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

बाबा अजून भट्टीकडे तोंड करून होते. आग आहे की गेली, हे त्यांना दिसत नव्हतं.

"विजली का रं?"

"विझली, बाबा," देवेश म्हणाला.